मातीचें नांव

पनवेलजवळच्या न्हावा-शेवा बंदरांतून जानेवारीपासून एप्रिलपर्यंत नाशिकचीं द्राक्षें युरोपकडे रवाना होतात. हें बंदर १९८९ सालीं सुरू झालें, आणि निफाड-दिंडोरीकडील बागाइतदाराला हॉलंडांतील रॉटरडॅम बंदराचें नांव हळूहळू तालुक्याच्या पेठेइतकें परिचयाचें झालें. घड तोडावयाचा, शीतगृहांत थंड करावयाचा, आणि शून्य अंशाच्या आसपास राखलेल्या कंटेनरांतून बोटीवर चढवावयाचा, अशी ही रीत आहे. परंतु ज्या द्राक्षाची वाइन करावयाची, त्याला हा प्रवास मानवत नाहीं. तें तोडल्यावर कांहीं तासांतच, शक्य तों मळ्याच्या आसपासच, चिरडावें लागतें. खाण्याचें द्राक्ष परदेशीं जातें तें फळ म्हणून; उंची वाइनच्या बाटलीवर मात्र एखाद्या शिवाराचें नांव असतें, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतें तें बव्हंशीं त्या नांवाकरितां. जमिनीच्या नांवाला ही किंमत कशी येते, आणि नाशिकच्या जमिनीला ती येण्यास काय लागेल, हें पाहण्यासारखें आहे.

फळाचा जमिनीशीं जो हा संबंध, त्याला फ्रेंच लोक ‘तेरवार’ म्हणतात. शब्द परका असला, तरी कल्पना मराठी घरांना परकी नाहीं. देवगडच्या हापुसाचें कलम घाटावर नेऊन लावलें, तर तें जगतें, वाढतें, मोहरतेंहि. परंतु फोड ताटांत पडतांच देवगड आणि घाट यांतला फरक गृहिणीच्या ध्यानांत येतो. कलम एकच, मग फरक कशाचा? मातीचा, तिच्याखालच्या कातळाचा, वाऱ्याचा, उन्हाच्या मानाचा, पाण्याच्या निचऱ्याचा, आणि त्याच जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबून शिकलेल्या हातांचा. या साऱ्यांची बेरीज म्हणजे तेरवार. त्यांतली शेवटची बाब बहुधा विसरली जाते, आणि खरें पाहतां तीच सर्वांत सावकाश तयार होते.

याचें नामांकित उदाहरण फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतांतील व्होन-रोमाने या खेड्यांत आहे. तेथील ‘रोमाने-काँती’ हा तांबड्या वाइनचा मळा सुमारें १·८ हेक्टरांचा, म्हणजे जेमतेम साडेचार एकरांचा. त्यांत वर्षाकांठीं पांच-सहा हजार बाटल्यांपुरतीच वाइन होते. तरी जगांतल्या अत्यंत महाग मद्यांत तिची गणना होते. मळा टेकडीच्या उतारावर मधोमध आहे. खालीं चुनखडी, वर चिकणमाती; त्यामुळें पाणी साचत नाहीं. मध्ययुगांत तो ख्रिस्ती मठाच्या ताब्यांत होता. १७६० सालीं काँतीच्या राजपुत्रानें तो विकत घेतला, म्हणून त्याचें नांव मळ्याला जोडलें गेलें. पुढें राज्यक्रांतींत तो जप्त होऊन विकला गेला. धनी बदलले, हद्द मात्र राहिली. बर्गंडींतील मठवासीयांनीं आणि त्यांच्यामागून आलेल्या मळेवाल्यांनीं एक काम चिकाटीनें केलें : तुकड्यातुकड्याचें द्राक्ष वेगळें आंबविलें, वेगळें चाखलें, आणि कोणत्या बांधापलीकडे चव बदलते हें ठरवून ठेवलें. अशा तुकड्यांना तेथें ‘क्लिमा’ म्हणतात. २०१५ सालीं युनेस्कोनें त्यांचा जागतिक वारशांत समावेश केला.

तांबड्या वाइनची कृति थोडक्यांत सांगतां येते. काळ्या द्राक्षाचा रस बहुधा रंगहीन असतो. रंग असतो सालींत. म्हणून या वाइनकरितां रस, साल आणि बिया एकत्र आंबवितात. यीस्ट साखरेचें अल्कोहोल करतें, आणि त्याच वेळीं सालींतला रंग व तुरटपणा रसांत उतरतो. त्यामुळें खाण्याच्या द्राक्षाचे जे गुण, ते येथें दोष ठरतात. मोठा, पाणीदार, पातळ सालीचा, बिनबियांचा मणी येथें उपयोगाचा नाहीं. लहान मणी, जाड साल, भरपूर साखर आणि पुरेशी आंबटाई हवी. आणि साखर व आंबटाई यांचा तोल मुख्यतः हवामान ठरवितें.

येथेंच नाशिकचा आणि बर्गंडीचा मार्ग वेगळा होतो. फ्रान्समध्यें वेल हिवाळ्यांत झोपतो, वसंतांत फुटतो, आणि सप्टेंबरच्या सुमारास, ऊन उतरत असतां, त्याचें फळ पिकतें. नाशिकला वेल झोपतच नाहीं. चौदाव्या शतकांत इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हां तेथें द्राक्षें वर्षांतून दोनदां येतात, असें त्यानें नोंदविलें. दख्खनच्या वेलाचा हा जुना स्वभाव. शेतकरी त्याला छाटणीनें वळण लावतो. एप्रिलमध्यें खरड छाटणी करून काडी तयार करावयाची, पावसाळा वेलानें पानांवर काढावयाचा, पाऊस सरतां सरतां गोडी बहाराची छाटणी करून फळ धरावयाचें, आणि जानेवारी ते मार्च या काळांत तोडावयाचें. सुमारें सहाशें मीटर उंचीवरच्या थंड रात्रींत फळ चांगलें पोसतें. परंतु तें पिकतें तें ऊन चढत असतां. साखर भराभर वाढते, आंबटाई भराभर उतरते, आणि तोडणीला थोडा उशीर झाला कीं वाइन सपक होते. म्हणून बर्गंडीचें पातळ सालीचें, थंडीला सरावलेलें पिनो न्वार येथें सहसा साधत नाहीं. उष्णता सोसणारें शिराझ साधतें. जमिनीचेंहि तसेंच. काळी भारी जमीन ओल धरते, वेल माजतो आणि रस फिका पडतो. उताराच्या मुरमाड जमिनींत पाणी ठरत नाहीं, वेल थोडा उपाशी राहतो, आणि मणी लहान पण दाट रसाचा होतो. उसाचा शेतकरी जी जमीन नाकारील, तीच वाइनवाला शोधीत येतो.

ही परीक्षा महाराष्ट्रांत अगदीं अलीकडची आहे. १९८० नंतरच्या दशकांत शामराव चौगुले यांनीं नारायणगांवीं फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्यानें फेसाळ वाइनचा उद्योग उभारला. नाशिकजवळ राजीव सामंत यांनीं १९९७ सालीं युरोपी जातींची लागवड केली, आणि २००० सालीं ‘सुला’ची पहिली वाइन बाजारांत आली. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें. विंचूर आणि पलूस येथें वाइन पार्क आले. पुढें ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नांवाला भौगोलिक निर्देशनाचें संरक्षण मिळालें, आणि दिंडोरीचें नांव शिराझच्या बाटलीवर छापलें गेलें.

परंतु २००८ च्या अखेरीस मंदी आली. मागणी घसरली, टाक्यांत माल पडून राहिला, कारखान्यांनीं खरेदी आखडती घेतली. वाइनच्या द्राक्षाला दुसरें गिऱ्हाईक नाहीं. तें टोपलींत घालून बाजारांत विकतां येत नाहीं, आणि न्हावा-शेव्याहून परदेशींहि पाठवितां येत नाहीं. तेव्हां अनेक शेतकऱ्यांनीं वेल मुळासकट काढून टाकले आणि खाण्याच्या जातींकडे मोर्चा वळविला. ज्याला कर्जाचा हप्ता भरावयाचा आहे, ज्याच्या बागेवर केवडा, भुरी आणि २०१४ च्या मार्चमध्यें पडली तशी गारपीट यांची टांगती तलवार आहे, त्यानें दुसरें काय करावें? मात्र वेलाबरोबर त्या जमिनीविषयींचें दहा वर्षांचें शिक्षणहि उपटलें गेलें.

वेल उपटणें रोमाने-काँतीलाहि चुकलें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेहून आलेल्या फिलॉक्सेरा किडीनें युरोपचे मळे फस्त केले, आणि अमेरिकन खुंटावर कलम बांधणें हाच उपाय उरला. नाशिकचा वेलहि बहुतेक ठिकाणीं डॉगरिजसारख्या अमेरिकन खुंटावरच उभा आहे. मात्र येथें तो क्षार आणि पाण्याची टंचाई सोसतो म्हणून. रोमाने-काँतीनें आपल्या मुळांवरचे जुने वेल १९४५ पर्यंत जपले; मग तेहि काढावे लागले. १९४७ सालीं नवे लावले गेले, आणि १९४६ ते १९५१ या सहा वर्षांत त्या नांवाची वाइन झालीच नाहीं. तरी नांव बुडालें नाहीं, कारण तें वेलाचें नसून जमिनीचें होतें. आणि धन्याचे दुसरे मळे असल्यामुळें त्याला थांबणें परवडलें.

नाशिकच्या दोन-चार एकरवाल्याला तें परवडत नाहीं, हाच दोहोंतला खरा फरक. मुरूम आहे, ऊन आहे, थंड रात्री आहेत, आणि छाटणींत निष्णात असा शेतकरीहि आहे. उताराचें आणि सखल भागाचें द्राक्ष एकाच टाकींत पडत राहिलें, तर चांगल्या जमिनीची ओळख कधींच पटावयाची नाहीं. तें वेगळें आंबवून चवीची नोंद ठेवली, गुणाप्रमाणें भाव दिला, आणि वाईट वर्षींहि खरेदीचा शब्द पाळला, तर शेतकरी वेल राखील. वेल राहिला, तर त्याचा नातू सांगूं शकेल कीं आमच्या शिवारांत कोणत्या बांधापलीकडे चव बदलते.