परत आलेले ताट काय सांगते?

रुग्णालयातील आहारतज्ज्ञ म्हणजे पथ्याचा कागद हाती देणारी व्यक्ती, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. तो कागद लिहिण्यापूर्वी रुग्णाच्या खाटेपाशी किती गोष्टी पाहाव्या, विचाराव्या आणि मोजाव्या लागतात, हे मला प्रशिक्षणार्थी म्हणून एका मोठ्या रुग्णालयात घालवलेल्या सहा महिन्यांत उमगले.

दिवसाची सुरुवात आदल्या रात्री दाखल झालेल्या रुग्णांच्या यादीने होई. प्रत्येकाला ठरावीक प्रश्न विचारायचे : अलीकडे वजन आपोआप घटले आहे का? भूक मंदावली आहे का? साठ किलो वजनाच्या माणसाचे सहा महिन्यांत, काहीही प्रयत्न न करता, सहा किलो वजन उतरले असेल, तर ती धोक्याची सूचना समजतात. जो उठून काट्यावर उभा राहू शकत नाही, त्याच्या दंडाचा घेर मोजायचा आणि कोपर ते मनगट या अंतरावरून उंचीचा अंदाज बांधायचा. पुस्तकातील आकडे येथे प्रथमच देहाशी जोडले गेले.

त्यानंतर स्वयंपाकघर. मऊ आहार, द्रव आहार, मधुमेहाचा आहार, मूत्रपिंडविकाराचा आहार अशा ताटांवरील चिठ्ठ्या रुग्णांच्या नावांशी ताडून पाहिल्यावरच गाडी वॉर्डाकडे निघे. मात्र खरे शिक्षण मिळाले ते परत येणाऱ्या ताटांतून. एका वयोवृद्ध आजोबांची पोळी दोन दिवस जशीच्या तशी परत येत होती. केसपेपरवर ‘भूक नाही’ अशी नोंद होती. खाटेपाशी बसून विचारल्यावर कळले, की धांदलीत दातांची कवळी घरीच राहिली होती. कवळी येईपर्यंत मऊ खिचडी आणि वरणात कुस्करलेली पोळी सुरू केली, आणि ताट रिकामे होऊ लागले.

सर्वांत कठीण प्रसंग डायलिसिस विभागातील होता. पन्नाशीचे एक गृहस्थ दिवसेंदिवस खंगत चालले होते. त्यांच्या पत्नी काटेकोरपणे पथ्य सांभाळत. डाळ, अंडी, दूध सारे बंद. “ताई, डॉक्टरांनीच सांगितलं होतं डाळ देऊ नका म्हणून,” त्या म्हणाल्या. त्यांनी जपून ठेवलेला कागद पाहिला, तर तो डायलिसिस सुरू होण्यापूर्वीचा होता. त्या अवस्थेत मूत्रपिंडावरील भार कमी करण्यासाठी प्रथिने मर्यादित ठेवतात. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र त्या प्रक्रियेतच शरीरातील अमिनो आम्ले निघून जातात. म्हणून प्रथिनांची गरज वाढते. सर्वसाधारणपणे वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला पन्नास ते साठ ग्रॅम. ती बाई निष्ठेने जे पाळत होती, तेच आता तिच्या पतीचे स्नायू झिजवीत होते.

त्याच खाटेशेजारी पाहुण्यांनी आणलेली दोन शहाळी होती. आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे न्यावे, ही आपली जुनी रीत. परंतु शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते, आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. रक्तातील त्याचे प्रमाण फार वाढल्यास हृदयाचे ठोके बिघडून जीव धोक्यात येऊ शकतो. आमच्या वरिष्ठ आहारतज्ज्ञांनी त्या काकूंना बोल लावला नाही. मूत्रविकारतज्ज्ञांशी बोलून त्यांनी नवा आहार आखला, अंड्याचा पांढरा भाग रोजच्या जेवणात आणला आणि शहाळ्याचे कारण शांतपणे समजावले. “मग मी इतके दिवस त्यांना उपाशीच ठेवलं का?” हा काकूंचा प्रश्न ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, “तुम्ही सांगितलेलं पाळलंत. कागद बदलायला हवा होता, तो आम्ही बदलायचा.”

या अनुभवातून कुटुंबीयांसाठी काही सूचना कराव्याशा वाटतात.

• पथ्याच्या कागदावर तारीख असावी. आजाराची अवस्था किंवा उपचार बदलले, की आहार पुन्हा विचारून घ्यावा.

• रुग्णाने प्रत्यक्षात किती खाल्ले, याची दोन-तीन दिवसांची नोंद ठेवावी. ‘थोडेसे खाल्ले’ यापेक्षा ‘अर्धी पोळी, दोन चमचे वरण’ हे अधिक उपयोगी पडते.

• घरचा डबा, फळे किंवा शहाळे देण्यापूर्वी परिचारिकेला वा आहारतज्ज्ञांना विचारावे.

• कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते परस्पर वापरू नये. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी ध्यानात घ्यावे.

• अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला आडवे ठेवून भरवू नये. घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

काय वर्ज्य करावे, हे आपण डॉक्टरांना आवर्जून विचारतो. काय आणि किती खायलाच हवे, हा प्रश्नही तितक्याच आवर्जून विचारला, तर बरे होणाऱ्या देहाला लागणारे बळ त्याला वेळेवर मिळेल.