साठ किलोमीटर, दोन राजधान्या आणि एक सॅक

परळहून बदलापूरला कधी गेलायत? दादरला गाडी बदलायची, आत शिरायला मिळालं तर नशीब समजायचं आणि सव्वा-दीड तासात साठेक किलोमीटर पार. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना आणि स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा यांच्यातलं अंतर जवळपास तेवढंच आहे. ट्रेननं एक तास. भोईवाड्यात वाढलेल्या मुलीला एक तासाचा ट्रेनप्रवास म्हणजे प्रवासच वाटत नाही. त्यामुळे माझ्या एक्सेल शीटमध्ये त्या रविवारासमोर मी काहीच लिहिलं नव्हतं. वरच्या रकान्यात व्हिएन्ना, खालच्या रकान्यात ब्रातिस्लाव्हा आणि मध्ये नुसता एक बाण.

हा लेख त्या बाणाबद्दल आहे.

तुमच्यातले काही जण पुढच्या वर्षी जर्मनीला मास्टर्सला जातील आणि सेमिस्टर ब्रेकमध्ये सॅक पाठीवर टाकून निघतील. काही जण पहिल्या नोकरीचे पैसे साठवून जातील. कुठल्या शहरात काय बघायचं, कुठली कॉफी प्यायची हे सांगणारे शंभर रील्स तुम्ही आधीच सेव्ह करून ठेवले असतील. त्या रील्समध्ये एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला एक ‘कट’ पुरतो. प्रत्यक्षात पाच शहरांच्या ट्रिपमध्ये असे चार दिवस जातात. सगळ्यात जास्त गोष्टी हरवतात, चुकतात आणि रडवतात त्याही याच चार दिवसांत.

आधी साधं गणित बघा. हॉस्टेलचं चेक-आउट सकाळी दहा किंवा अकराला. पुढच्या हॉस्टेलचं चेक-इन दुपारी दोन किंवा तीनला. मधला प्रवास एक तासाचा. म्हणजे उरलेले तीन-चार तास तुम्हाला घर नाही, पलंग नाही, बाथरूम नाही, आणि पाठीवर अकरा किलोची सॅक आहे. अकरा किलो हे विमानतळाच्या काट्यावर फार वाटत नाहीत. व्हिएन्नाच्या दगडी फुटपाथवर दीड किलोमीटर चालल्यावर वाटतात. भोई म्हणजे पालखी वाहणारे, आणि आपला पत्ताच भोईवाड्याचा, तेव्हा ओझं वाहणं नशिबी आलंच, असा पीजे मी स्वतःलाच मारला. हसायला शेजारी कुणी नव्हतं.

सोलो ट्रिपमधली खरी अडचण इथेच कळते. एकटीनं म्युझियम बघणं सोपं असतं, एकटीनं जेवायलाही दोन दिवसांत सरावतो आपण. पण एकटीनं टॉयलेटला जायचं असेल तर बॅग कुठे ठेवायची? दादर स्टेशनवर आपण बाकड्यावरच्या अनोळखी बाईला खुशाल सांगतो, ‘‘मावशी, जरा बॅग बघाल? आलेच दोन मिनिटांत.’’ मावशी मान हलवतात आणि बॅगेवर हात ठेवून बसतात. व्हिएन्नाच्या स्टेशनवर हे वाक्य माझ्या तोंडाशी येऊन परत गेलं. एक तर मावशी कुणाला म्हणायचं? आणि बेवारस सामान दिसलं की तिथे आधी पोलीस आठवतात. मी सॅकसकट टॉयलेटमध्ये घुसले. त्यासाठी सुट्टी नाणीही लागली. युरोपात फिरताना खिशात पन्नास सेंटची चार-पाच नाणी कायम ठेवा, हा सल्ला कुठल्याही कॅसलच्या माहितीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मग मी शहाण्या मुलीसारखा लॉकर घेतला. व्हिएन्नाचं हाउप्टबानहोफ, म्हणजे मुख्य स्टेशन, तसं नवं आहे. 2014 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. चकचकीत, मॉलसारखं. रविवारी ऑस्ट्रियातली बहुतेक सुपरमार्केट्स बंद असतात, पण स्टेशनातली दुकानं उघडी असतात, हेही लक्षात ठेवा. लॉकरमध्ये सॅक टाकली, पैसे भरले, मशीननं कोड छापलेली चिठ्ठी दिली. ऊन चांगलंच पडलं होतं, म्हणून जॅकेट काढून तेही आत कोंबलं. दार बंद. क्लिक.

चिठ्ठी जॅकेटच्या खिशात होती.

हे माझ्या लक्षात आलं दोन तासांनी. शहरात एक शेवटची चक्कर मारून, ट्रेनला वीस मिनिटं उरलेली असताना लॉकरसमोर उभं राहिल्यावर. त्या क्षणी काय होतं सांगू? आधी हसू येतं, कारण मूर्खपणा इतका परफेक्ट असतो की आपण हा किस्सा ग्रुपवर कसा सांगू हेच डोक्यात सुरू होतं. मग कळतं की ग्रुपवर आत्ता सांगून उपयोग नाही. सोबत मैत्रीण असती तर एक जण लॉकरपाशी थांबली असती आणि दुसरी मदत शोधायला पळाली असती. मी मशीनवरचं मदतीचं बटण दाबलं, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये घोळ सांगितला आणि ‘माणूस येईल, थांबा’ एवढं ऐकून भिंतीला टेकून खाली फरशीवर बसले. ट्रेन गेली.

त्या फरशीवर मला केईएम आठवलं. व्हिएन्नात बसून केईएम का आठवावं? पण भोईवाड्यातून शाळा-कॉलेजला जाताना रोज तो फुटपाथ पायाखालचा. केईएम, वाडिया, टाटा, सगळी आपल्या आसपासच. कोकणातून, विदर्भातून, कुठून कुठून आलेली माणसं पिशव्यांना टेकून बसलेली असतात. रिपोर्ट मिळायला चार वाजणार असतात आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल की नाही हे अजून कळलेलं नसतं. आम्ही त्यांच्या चादरी ओलांडून बस पकडायचो. ती माणसं नुसती बसून का असतात, जरा इकडेतिकडे फिरून का येत नाहीत, असं लहानपणी मला खरंच वाटायचं. मी आजारी नव्हते, माझ्याजवळ कार्ड होतं, तासाभरात दुसरी ट्रेन होती. तरीही ‘सामान सोडून हलता येत नाही’ या वाक्याचा अर्थ माझ्या गुडघ्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळला.

माणूस आला. वयस्कर, मिशीवाला, अजिबात घाई नसलेला. सॅक माझीच कशावरून, म्हणून आत काय काय आहे ते सांगायला सांगितलं. निळी सॅक, राखाडी जॅकेट, एवढं त्याला पुरत नव्हतं. मी म्हटलं, वरच्या कप्प्यात स्टीलचा डबा आहे, त्यात पिवळी पावडर. ‘पिवळी पावडर’ म्हटल्यावर त्याच्या भुवया वर गेल्या आणि आपण काय बोलून बसलो ते मला कळलं. मेतकूट जर्मनमध्ये समजावून सांगायची वेळ तुमच्यावर न येवो. शेवटी डबा उघडून त्यानं वास घेतला, मान डोलावली आणि माझा पासपोर्ट मागितला.

पासपोर्ट माझ्या गळ्यातल्या पाउचमध्ये होता, म्हणून वाचले. तोही सॅकमध्ये असता तर?

इथे आपल्या परळचीच एक गोष्ट आठवा. दामोदर हॉलजवळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षं राहत होते. 1917 मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून ते मुंबईला निघाले, तेव्हा त्यांची पुस्तकं वेगळ्या जहाजानं निघाली होती. पहिलं महायुद्ध सुरू होतं. ते जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालं. बाबासाहेब दुसऱ्या जहाजानं सुखरूप पोचले. सामानाची भरपाई मिळाली, पण जमवलेली पुस्तकं गेली ती गेलीच. जॅकेटमध्ये चिठ्ठी विसरलेल्या मुलीनं स्वतःची तुलना कुणाशी करावी याला मर्यादा आहेत, ते मला कळतं. पण सामान दोन ठिकाणी विभागताना मला आता हीच गोष्ट आठवते. जे पुन्हा मिळणारच नाही ते अंगावर, बाकी सगळं सॅकमध्ये. पासपोर्ट, एक कार्ड, थोडी रोकड, इन्शुरन्सचा कागद अंगावर. दुसरं कार्ड सॅकमध्ये, कारण दोन्ही एकाच पाकिटात असतील तर दुसऱ्याचा उपयोग काय? आणि प्रत्येक चिठ्ठीचा, तिकिटाचा फोटो. फोन हातात असताना मी तो काढला नव्हता, हे वेगळं सांगायला नको.

व्हिसाचंही थोडं सांगते, कारण ट्रान्सफर डे ठरतो तो व्हिसाच्या अर्जापासून. शेंगेन व्हिसासाठी अर्ज करायचा तो ज्या देशात तुमचा मुक्काम सगळ्यात जास्त दिवस आहे त्या देशाकडे. दिवस सारखेच असतील तर ज्या देशातून आधी शिरणार त्याच्याकडे. म्हणजे ‘इथे एक रात्र वाढवू, तिथली कमी करू’ हा खेळ अर्ज भरायच्या आधी खेळायचा. इन्शुरन्स किमान 30,000 युरोंचा लागतो. जर्मनीत शिकणाऱ्यांना तिथल्या रेसिडन्स परमिटवर इतर शेंगेन देशांत 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं, पण तेव्हाही पासपोर्ट आणि परमिट दोन्ही जवळ हवं. सीमेवर कुणी अडवत नाही, हे बऱ्याचदा खरं. पण गाडीत पोलीस चढून कागद मागू शकतात आणि ‘सर, तो हॉस्टेलवर आहे’ हे उत्तर चालत नाही.

पुढची गाडी तासानं होती. या मार्गावर साधारण तासाला एक लोकल धाटणीची गाडी असते आणि माझं तिकीट ठरावीक गाडीचं नव्हतं, म्हणून ते वाया गेलं नाही. स्वस्तातलं, एकाच गाडीपुरतं तिकीट काढायचा मोह होतो. लांबच्या अंतरासाठी, म्हणजे प्राग किंवा बुडापेस्टसाठी, त्यात खरंच पैसे वाचतात. पण मग त्या दिवशी जॅकेटचे खिसे आधी तपासा.

गाडी सुटली आणि अर्ध्या तासात शहर संपलं. सपाट शेतं, पवनचक्क्या, सूर्यफुलांची वाळलेली रानं. मारशेग नावाचं एक छोटं स्टेशन लागतं, मग एक नदी. जर्मनमध्ये तिचं नाव मार्श, स्लोव्हाकमध्ये मोराव्हा. पूल ओलांडायला काही सेकंद लागतात आणि देश बदलतो. ना बोर्ड दिसला, ना कुणी शिक्का मारला. समोरच्या सीटवरच्या बाईनं डोळेसुद्धा उघडले नाहीत. स्लोव्हाकियात राहून व्हिएन्नाला कामाला जाणारे बरेच लोक आहेत, म्हणजे आपल्याकडचे कर्जत-कसारावालेच.

पण ही नदी 1989 पर्यंत साधी नदी नव्हती. पोलादी पडदा म्हणतात तो इथेच होता. काठानं कुंपण, पहारा, आणि पलीकडे पोहून जाऊ बघणाऱ्यांवर गोळ्या. जवळच डेव्हीनच्या किल्ल्याखाली, मोराव्हा आणि डॅन्यूब मिळतात तिथे, पळून जाताना मेलेल्यांचं स्मारक आहे. त्याआधी, 1914 मध्ये, या दोन शहरांत विजेची रेल्वे सुरू झाली होती आणि शहरात ती ट्रामसारखी रस्त्यावरून धावायची. म्हणजे आजोबा ट्रामनं व्हिएन्नाला जायचे आणि नातवाला पलीकडचा काठ नुसता बघायला मिळायचा. स्लोव्हाकिया शेंगेनमध्ये आला 21 डिसेंबर 2007 ला. 2012 मध्ये याच नदीवर सायकलींसाठी पूल बांधला, तेव्हा नावासाठी लोकांचं ऑनलाइन मत घेतलं. जिंकलं कोण माहितीये? चक नॉरिस. प्रशासनानं निमूटपणे ‘स्वातंत्र्याचा पूल’ असं नाव दिलं. मला दोन्ही नावं चालली असती.

हे सगळं मी गाडीत बसून वाचलं. गाडी चुकली नसती तर कदाचित झोपले असते.

ब्रातिस्लाव्हाचं मुख्य स्टेशन व्हिएन्नाच्या मानानं जुनाट, दमलेलं, आपल्याला एकदम ओळखीचं वाटणारं. स्टेशनातून गावात यायला एक नंबरची ट्राम. तिकीट काढून खिशात ठेवू नका. कागदी तिकीट असेल तर ट्राममधल्या छोट्या मशीनमध्ये ते पंच करावं लागतं, नाहीतर तिकीट असूनही तुम्ही विनातिकीट. पैसे बदलायची कटकट नव्हती, इथे 2009 पासून युरोच चालतो. प्रागला गेलात तर कोरुना, बुडापेस्टला फोरिंट, तेव्हा तिथल्या स्टेशनवरचे ‘नो कमिशन’वाले मनी एक्स्चेंज बघून हुरळू नका. भाषा मात्र एका तासात पूर्ण बदलली होती. तीन दिवस ‘डांके’ म्हणून जीभ वळली होती, आता ‘द्याकुयेम’. मी ट्राममध्ये एका आजीला उठून जागा दिली आणि तिनं मला जे काही ऐकवलं त्यातला हा एकच शब्द समजला.

हॉस्टेलवर पोचले तेव्हा साडेपाच वाजले होते. सप्टेंबर होता, चांगला उजेड होता. हीच चूक डिसेंबरात केली असती तर चार वाजताच अंधार पडला असता आणि अनोळखी गावात, फोनची बॅटरी नऊ टक्के असताना, गल्ली शोधावी लागली असती. म्हणून हिवाळ्यात जाणार असाल तर सकाळचीच गाडी धरा, मग चेक-इनपर्यंत रिसेप्शनवर बॅग ठेवून फिरा. बहुतेक हॉस्टेल्स ठेवू देतात. मुलींनो, फिमेल डॉर्म असेल तर पहिल्या रात्रीपुरता तरी तोच घ्या. पैसे थोडे जास्त जातात, पण झोप लागते.

मुंबईत तेव्हा रात्रीचे नऊ. गणपतीचे दिवस होते. आईनं फोन उचलला तर मागे आरतीचा गलका, तिला माझं ऐकू येईना आणि मला तिचं.

‘‘दुपारी पोचणार होतीस ना? फोन का नाही केलास? गाडी लेट होती का?’’

‘‘हो, जरा लेट झाली,’’ मी म्हटलं.

‘‘तिकडे पण लेट होतात?’’ आईला फार बरं वाटलं. ‘‘आणि मेतकूट संपवलंस की नाही?’’