हृदय, मूत्रपिंड आणि रिपोर्टातला आकडा

कळसाडीच्या या सभेत आजचा विषय आम्हीच मागून घेतला. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसानं अँजिओप्लास्टीवर काय बोलावं, असं तुम्हाला वाटेल. औषध सांगणं हे डॉक्टरांचं काम. आम्ही बोलणार ते एका आकड्यावरून अनुमान कसं करावं, याबद्दल. ते चुकलं तर जिवावर बेततं.

आमच्या अक्कांना हार्ट अटॅक आला. वय 75, वजन 40 किलो. रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन 1.1, म्हणजे छापील मर्यादेच्या आसपास. किडनी ठीक आहे म्हणून आम्ही सुस्कारा सोडला. तेवढ्यात एका तरुण डॉक्टरनं विचारलं, ‘आजींचं वजन किती?’ आम्हाला तो प्रश्न फालतू वाटला. तसा तो नव्हता.

बघा, क्रिएटिनिन स्नायूंत तयार होतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. अंग वाळलेलं असेल तर ते मुळात तयारच कमी होतं. मग मूत्रपिंड थकलेलं असूनही आकडा साजरा दिसतो. 1976 साली कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी यावर एक सूत्र दिलं. 140 मधून वय वजा करा, वजनानं गुणा, क्रिएटिनिनच्या 72 पटीनं भागा. स्त्री असेल तर उत्तराला 0.85 नं गुणा. अक्कांचं उत्तर आलं 28. तोच 1.1 चा रिपोर्ट चाळिशीतल्या, 70 किलोच्या गड्याचा असता, तर उत्तर 88 आलं असतं.

आपल्या नैयायिकांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. धूर दिसला तर आग आहे, हे खरं. पण धूर नाही म्हणून आग नाही, असं म्हणता येत नाही. लाकूड सुकं असेल तर धूर होतच नाही.

आता औषधांकडे येऊ. ‘रक्त पातळ करणारी’ असं आपण म्हणतो, पण ती रक्तात पाणी घालत नाहीत; गुठळी होऊ देत नाहीत. हार्ट अटॅकमध्ये पोटावर टोचतात ते एनोक्सापॅरिन बरंचसं मूत्रपिंडावाटे बाहेर जातं. सूत्राचं उत्तर 30 च्या खाली गेलं, तर दिवसातून दोनदाऐवजी एकदाच देतात. नाहीतर औषध अंगात साचतं आणि रक्तस्राव होतो. साधं हेपॅरिन मूत्रपिंडावर तेवढं अवलंबून नसतं. अक्कांना शेवटी तेच दिलं.

दुसरी गोष्ट डायची. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून आयोडीनयुक्त द्रव सोडतात, तोही मूत्रपिंडातूनच जातो. मूत्रपिंड आधीच कमजोर असेल, तर दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन चढू शकतं. म्हणून तपासणी पुन्हा करतात. वैशाखात रानातून घामाघूम आलेला, गुडघ्यासाठी रोज दुखण्याची गोळी घेणारा माणूस तसाच टेबलावर गेला, तर धोका वाढतो. पाणी किती प्यावं तेही डॉक्टरांनाच विचारा. हृदय कमजोर असेल तर जास्त पाणीही बाधतं.

पण म्हणून कुणी उलट टोकाला जाऊ नका. स्टेंट बसवल्यावर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या ‘किडनीला गरम पडतात’ म्हणून परस्पर बंद करायच्या नाहीत. स्टेंटमध्येच गुठळी झाली तर पुन्हा अटॅक येतो.

तेव्हा नाशिकला जा की सुरतेला, पिशवीत चार गोष्टी असू द्या: जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं, आज मोजलेलं वजन आणि खरं वय. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल, तर तेही आवर्जून सांगा. आणि ‘नॉर्मल आहे’ असं कुणी म्हटलं, तर नम्रपणे विचारा, ‘डॉक्टरसाहेब, हे यांच्या वयाला आणि वजनाला धरून नॉर्मल आहे का?’

अक्का आज घरी आहेत. त्या डॉक्टरचा तो प्रश्न आम्ही अजून विसरलो नाही. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.