उतरलेले वजन आणि टिकलेले वजन

वजन उतरविणे आणि उतरलेले वजन राखणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पहिलीपेक्षा पुष्कळच अवघड आहे. आम्हां कामगार संघटनेच्या माणसांना हा भेद चटकन कळतो. वेतनकरारावर मालकाची सही मिळविणे हे काही महिन्यांचे काम. त्यातील कलमे पुढे वर्षानुवर्षे पाळून घेणे हे खरे काम. सहीच्या दिवशी गुलाल उधळला जातो. कलमे मोडू लागतात, तेव्हा गेटसभेला दहा माणसे येत नाहीत.

एखाद्याने तीन महिन्यांत बारा किलो उतरविले की आळीत त्याचे कौतुक होते. दीड वर्षाने तेच बारा किलो परत आले की तीच आळी म्हणते, ‘जिभेवर ताबा नाही.’ हा निकाल चुकीचा आहे, एवढेच आम्हांस आज सांगावयाचे आहे. आम्ही डॉक्टर नाही. शाळा आमची नववीतच सुटली. जे सांगतो ते वाचून, आणि जाणत्या डॉक्टरांना गाठून, त्यांस पुनःपुन्हा विचारून समजून घेतलेले आहे.

अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ साली आन्सेल कीज ह्या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण स्वेच्छेने आलेले होते. त्यांना २४ आठवडे निम्म्याच्या आसपास अन्न देण्यात आले व त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने उतरले. पुढे काय झाले? त्यांना अन्नाखेरीज काही सुचेना. काहीजण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. अन्न मोकळे झाल्यावर पोट भरले तरी भूक भागेना, आणि अंगावर प्रथम परतली ती चरबी. हे तरुण कोण होते? सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून महायुद्धात शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले! त्यांच्यापाशी निर्धार नव्हता असे कोण म्हणेल?

ह्यामागचे कारण पुढे कळले. १९९४ साली न्यूयॉर्क येथे जेफ्री फ्रीडमन ह्यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन ह्या संप्रेरकाचा शोध लागला. हे संप्रेरक चरबीच्या पेशींतून निघते आणि घरात शिधा किती शिल्लक आहे ते मेंदूला कळविते. चरबी घटली की लेप्टिन घटते. मेंदू समजतो दुष्काळ पडला. मग तो भूक वाढवितो आणि शरीराचा खर्च आखडता घेतो. बरे, हे चार दिवसांत निवळते म्हणावे तर तसेही नाही. मेलबर्न येथील संशोधकांनी ५० लोकांना दहा आठवडे अत्यल्प आहारावर ठेवून वजन उतरविले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वर्ष उलटल्यावरही भुकेची संप्रेरके पूर्वपदावर आलेली नव्हती. म्हणजे माणूस बेफिकीर झाला तरी शरीर पहारा सोडीत नाही. अशा प्रतिपक्षाशी एकट्याने झुंजण्यास सांगणे हा आमच्या मते अन्याय आहे.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांचे छायाचित्र छापून आले. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून जो शरीरभारांक निघतो, तो दोघांचाही २२.३. पण युडकिन ह्यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! दिसण्यात दोघेही सडपातळ. म्हणून भारतीयांसाठी मर्यादा खाली ओढलेल्या आहेत : शरीरभारांक २३ झाला की वजन जास्त, २५ झाला की स्थूलता. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर व स्त्रियांची ८० सेंटिमीटर ह्यांच्या आत असावी. शिंप्याची टेप घरात असतेच. आज रात्री मापून पाहावे.

आता डॉक्टरांकडे गेल्यावर काय मागावे? ‘कमी खा, चालत जा’ एवढे ऐकून परत येऊ नये. थायरॉइड तपासले का, चालू असलेल्या गोळ्यांपैकी एखादी वजन वाढविणारी आहे का (स्टेरॉइडे, मधुमेहाची व मानसिक आजारांची काही औषधे तशी असतात), झोपेत घोरताना श्वास अडतो का, रात्रपाळी किती वर्षे चालली आहे, हे सारे विचारले गेले पाहिजे. ध्येय मोठे धरू नये. शेकडा पाच ते दहा वजन उतरले तरी साखर व रक्तदाब ह्यांत फरक पडतो. आणि पुढची तारीख घेतल्याशिवाय उठू नये.

पुढच्या तारखेवर आमचा एवढा भर कां? अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३२३४ लोकांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. आहार-व्यायामाच्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले, मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. गोळीला मागे टाकणाऱ्या त्या गटात प्रत्येकाच्या पाठीशी एक शिकलेला मार्गदर्शक होता; पहिल्या २४ आठवड्यांत १६ पाठ, आणि त्यानंतरही भेटी चालूच. नुसता तक्ता हातात देऊन हे घडत नाही.

नव्या इंजेक्शनांविषयी हल्ली प्रत्येकजण विचारतो. सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरले. औषध थांबविल्यावर वर्षभरात त्यातील सुमारे दोन-तृतीयांश परत आले. वजनासाठी म्हणून ह्या वर्गातील औषधे भारतात २०२५ साली बाजारात आली. रक्तदाबाची गोळी सोडल्यावर दाब चढला तर आपण गोळीला नावे ठेवीत नाही. इथेही तोच न्याय लावावा. परंतु सुरू करण्यापूर्वीच विचारावे : हे किती काळ घ्यावयाचे, महिन्याचा खर्च किती, परवडेनासे झाले तर कसे उतरावयाचे? मळमळ, उलट्या होतात. चरबीबरोबर स्नायूही झडतात, म्हणून डाळी-अंडी आणि वजन उचलण्याचा व्यायाम सुटता कामा नये. व्यायामशाळेतल्या ओळखीने ही इंजेक्शने घेऊ नयेत.

पैशाचा प्रश्न निघालाच आहे म्हणून सांगतो. विमा नियामकाने २०१९ साली ठरविलेल्या नमुना कलमानुसार, शरीरभारांक ४० असेल, किंवा ३५ असून जोडीला गंभीर आजार असेल, आणि सौम्य उपाय फसलेले असतील, तर स्थूलतेच्या शस्त्रक्रियेचा खर्च मागता येतो. ते सौम्य उपाय मात्र बहुधा खिशातून करावयाचे! घर पेटल्यावर बंबाचे भाडे देऊ, बादलीचे देणार नाही, अशातला हा प्रकार. आमच्या मागणीपत्रांत आता आहारतज्ज्ञाच्या नियमित भेटीची मागणी जायला हवी. उपाहारगृहाच्या समितीवर कामगारांना जागा १९४८ च्या कारखाना कायद्यानेच मिळाली; पण रात्री तीन वाजता वडा-पावाखेरीज काय मिळते, ह्यावर समितीत चर्चा झालेली आम्ही क्वचितच ऐकली आहे.

वजन उतरल्यावर आठवड्यातून एकदा काट्यावर उभे राहावे. दोन किलो वाढले की लगेच दवाखान्यात जावे. दहा वाढेपर्यंत लोक थांबतात ते आळसाने नव्हे, शरमेने. तेव्हा रुग्णाचा आकडा साऱ्या रांगेला ऐकू जाईल असा पुकारू नये, काटा पडद्याआड ठेवावा, हेही दवाखान्यास सांगण्याचा आपणांस हक्क आहे.