अतिदक्षता विभागातील तान्हुल्यांचा रक्तदाब

‘‘डॉक्टरसाहेब, एवढ्याशा जिवाला कसलं आलंय बीपी? त्याला का संसाराची काळजी आहे?’’ सेंधव्याहून इंदूरला नातवाला घेऊन आलेल्या एका आजींनी काही वर्षांपूर्वी मला विचारले होते. यजमानांच्या गोळ्यांची वेळ वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या त्या बाईंच्या लेखी रक्तदाब हा उतारवयाचा आजार होता. त्यांना हसण्याचा अधिकार आम्हां डॉक्टरांना नाही, कारण नवजात बालकांच्या उच्च रक्तदाबाकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष गेले तेच मुळी १९७० च्या दशकात.

पूर्ण दिवसांच्या सुदृढ बाळात हा विकार क्वचितच आढळतो. अतिदक्षता विभागात मात्र शंभरांत एखाद-दुसरे बाळ त्याचे निघते. जन्मानंतरचे दोन आठवडे उलटल्यावर, गर्भातले व बाहेरचे मिळून ४० आठवडे भरलेल्या बाळाचा रक्तदाब साधारण ८०/५० असतो. तो वारंवार ९५/६५ च्या वर जाऊ लागला, की उच्च म्हणावयाचा. २८ आठवड्यांच्या चिमुकल्यासाठी हीच मर्यादा ७५/५० वर येते. म्हणजे मोठ्या माणसाला चक्कर आणील असा आकडा येथे धोक्याचा ठरतो!

आकड्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी तो कसा घेतला हे पाहावे. कफाची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण निम्मी हवी, मोजमाप उजव्या दंडावर व्हावे, आणि कफ बांधल्यावर बाळ पंधरा मिनिटे तरी शांत पडलेले असावे. मग दोन-दोन मिनिटांच्या अंतराने तीन नोंदी घ्याव्यात. रडते बाळ आणि लहान कफ या दोघांनी मिळून किती बाळांना विनाकारण औषधे सुरू करवली असतील, ते न बोललेले बरे. एकदा तरी पायाचाही रक्तदाब मोजावा. तो हातापेक्षा बराच कमी भरला, तर महाधमनी अरुंद असल्याची शंका घ्यावी.

कारणांचा शोध घेताना मन खिन्न होते, कारण पुष्कळदा जीव वाचविणारा उपायच मुळाशी सापडतो. नाळेतील धमनीत बसविलेल्या नळीच्या टोकाशी रक्ताची गुठळी धरते, तिचा कण मूत्रपिंडाच्या धमनीत जाऊन अडकतो, आणि रक्त कमी मिळालेले मूत्रपिंड रेनिन स्रवून दाब चढविते. श्वसनयंत्रावर दीर्घकाळ राहिलेली दुर्बल फुप्फुसे, फुप्फुसांसाठी दिलेले डेक्सामेथासोन, क्वचित डोळ्यांच्या तपासणीसाठी घातलेले थेंबसुद्धा याला कारण होतात. मूत्रपिंडाचे जन्मजात दोष वेगळेच. म्हणून औषधाच्या आधी वेदना, जादा द्रव आणि चालू औषधे यांचा हिशेब मांडावा. एनालाप्रिलसारखी औषधे मुदतपूर्व बाळांत शक्यतो टाळावीत. त्यांनी दाब एकाएकी कोसळतो आणि वाढत्या मूत्रपिंडाला इजा पोहोचते.

आमचे खरे दुबळेपण दिसते ते घरी पाठविताना. खरगोन, बडवानी, धार, झाबुआ येथून इंदूरला आलेली बाळे परत जातात, तेव्हा कार्डावर वजन असते, लसी असतात, रक्तदाब बहुधा नसतो. वास्तविक निरोगी मुलाचा रक्तदाब तिसऱ्या वर्षापासून मोजला तरी चालतो. पण ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा अतिदक्षता विभागातून गेलेल्या मुलाचा प्रत्येक भेटीत मोजावा, असे अमेरिकन मार्गदर्शक सूचना २००४ पासून सांगतात. मूत्रपिंडातील गाळणघटक सुमारे ३६ आठवड्यांपर्यंतच तयार होतात. लवकर जन्मलेल्याची शिदोरी आयुष्यभर तोकडी राहू शकते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात जन्मलेल्या ४७७ मुलांची आठव्या वर्षी तपासणी झाली. डॉ. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात, आठव्या वर्षीचे वजन हिशेबात धरल्यावर, जन्मतः हलक्या मुलांचा वरचा रक्तदाब अधिक आढळला. ही सारी मुले अतिदक्षतेतली नव्हती, हे विशेष.

सेंधव्याच्या त्या नातवाचेही कारण नाळेतली नळीच होती. नळीमुळे चढलेला दाब बहुधा वर्षभरात उतरतो. त्याचे औषध नवव्या महिन्यात थांबले. आजी मात्र दर लसीच्या वेळी दीडशे किलोमीटरांवरून येत राहिल्या. यजमानांच्या रक्तदाबाच्या वहीचे मागचे पान त्यांनी नातवासाठी राखून ठेवले होते. एकदा घाईत मी आकडा सांगायचा विसरलो, तर दारातून परत फिरून म्हणाल्या, ‘‘आमचं पान कोरं राहिलं की, डॉक्टरसाहेब!’’