ऑक्सिजन कडेने शिरतो

सोनं वितळतं 1064 अंश सेल्सिअसला. ते ज्या काळ्या मुशीत वितळवतात, ती बहुधा ग्रॅफाइट आणि माती कालवून केलेली असते. ग्रॅफाइट म्हणजे निव्वळ कार्बन, कोळशाचा सख्खा भाऊ. मग भट्टीत कोळशाची राख होते आणि मूस कशी टिकते?

टिकते, पण झिजतेही. साधारण 500 अंशांपुढे हवेत ग्रॅफाइटचाही वायू होऊ लागतो. म्हणून तर मुशीला वरून चकचकीत लेप देतात. ग्रॅफाइट कोळशापेक्षा उशिरा जळतं ते त्याच्या घडणीमुळे. ग्रॅफाइट ही भाकऱ्यांची चवड समजा. एकेक थर एका अणूच्या जाडीचा, दोन थरांत अंतर 0.335 नॅनोमीटर. थरातल्या प्रत्येक अणूने तीन शेजाऱ्यांना घट्ट धरलेलं. काठावरच्याचा मात्र एक हात मोकळा. ऑक्सिजन नेमका तोच पकडतो. थराच्या मधोमध एखादा अणू गळालेला असेल, तर त्या भोकालाही काठ आलाच! तिथून जेमतेम एका थराइतका खोल खळगा पसरत जातो.

न जाळता ऑक्सिजन चवडीच्या आत घालता येईल? ऑक्सफर्डच्या बेंजामिन ब्रॉडीने ते केलं, तेही भलत्याच शोधात. त्याला ग्रॅफाइटचा अणुभार काढायचा होता. पोटॅशियम क्लोरेट आणि धुरकट नायट्रिक आम्लात त्याने ग्रॅफाइट पुन्हा पुन्हा मुरवलं. (स्फोटाला आमंत्रणच, घरी करायचा प्रकार नव्हे.) काळ्या पुडीचे पिवळसर, पारदर्शक कण झाले. 1859 मध्ये त्याने अणुभार जाहीर केला 33, आणि या ‘नव्या’ कार्बनला नाव दिलं ग्रॅफॉन. ते साफ चुकलं. ती पिवळी पूड मात्र खरी होती: ग्रॅफाइट ऑक्साइड. यात ऑक्सिजन थरांच्या अंगावरच चिकटतो, थर फाकतात, मध्ये पाणी शिरतं आणि चवड सुटी होते.

1958 मध्ये हमर्स आणि ऑफमन यांनी क्लोरेट टाळून सल्फ्युरिक आम्ल, सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम परमँगनेट वापरलं. काम काही तासांवर आलं. 2004 नंतर ग्राफीनची, म्हणजे ग्रॅफाइटच्या एकट्या सुट्या थराची, हवा झाली, तशी ही कृती प्रयोगशाळांतून पुन्हा वर आली. पाण्यात सुटे झालेले थर तापवून ऑक्सिजन काढला की स्वस्तात ग्राफीन, असा हिशेब. पण जाताना ऑक्सिजन थोडा कार्बनही घेऊन जातो. मागे राहतो तो भोकं पडलेला थर. चिकटपट्टीने सोलून काढलेल्या ग्राफीनइतकी वीज त्यातून वाहत नाही.