गिअरबॉक्सलाही ताप येतो!

लेकराचे अंग गरम लागले की आई आधी कपाळाला हात लावते आणि मग थर्मामीटर शोधते. गाडीच्या बाबतीत मात्र आपण कपाळ चाचपूनच मोकळे होतो. डॅशबोर्डवरचा पाण्याचा काटा मध्यावर दिसला, म्हणजे गाडी थंड! पण हा काटा फक्त इंजिनाचे सांगतो. ऑटोमॅटिक पिकअपच्या गिअरबॉक्समध्ये वेगळे तेल असते आणि त्याचा तापही वेगळा असतो. इंजिन ठणठणीत असताना गिअरबॉक्स फणफणलेला असू शकतो.

आपल्या भागात भाजी, दूध, खत वाहणारे बहुतेक पिकअप हाताने गिअर टाकायचे. त्यांत चढावर क्लच जास्त दाबून धरला, तर जळका वास थेट नाकात येतो आणि चालक सावध होतो. आता इसुझूचा व्ही-क्रॉस, २०२२ साली भारतात आलेली टोयोटा हायलक्स अशा गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही मिळतो. क्लचचा पायच नाही, त्यामुळे डाव्या पायाला आराम. पण तो वासाचा इशाराही वेळेवर मिळत नाही. वास येईपर्यंत बरेच काही होऊन गेलेले असते.

आमच्या घरी अशीच एक ऑटोमॅटिक पिकअप आहे. सत्तरीत आमचे छोटे कुळागर आहे. तिथले नारळ आणि सुपारी आणायला महिन्या-दोन महिन्यांनी चोर्ल्याच्या वाटेने जाणे होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच. म्हणजे जाताना रिकामी गाडी उतरते आणि येताना भरलेला हौदा घेऊन तीच गाडी घाट चढते. सगळा त्रास परतीचाच.

हा ताप येतो कुठून? इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा भाग असतो. समोरासमोर दोन पंखे ठेवावेत, एक फिरवावा आणि त्याच्या झोताने दुसरा फिरावा, तसा प्रकार. फक्त इथे हवेऐवजी तेल असते. सपाट रस्त्यावर ठरावीक वेगानंतर आतला लॉकअप क्लच हे दोन्ही पंखे एकमेकांना जखडून टाकतो आणि तेलाची घुसळण थांबते. पण घाटात पुढे भरलेला ट्रक असला, आपण पंधरा-वीसच्या वेगाने त्याच्या मागे रखडत असलो, तर हा क्लच बराच वेळ सुटलेला राहतो. तेल घुसळत राहते आणि इंजिनाची बरीच ताकद चाकांकडे जाण्याऐवजी उष्णतेत जाते. त्यात वेग कमी, म्हणून कूलरला वारा नाही. आपल्याकडे गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे रांगणाऱ्या गाड्यांचेही असेच होते.

अमेरिकेत पिकअपला मागे ट्रेलर किंवा बोट जोडून डोंगर चढण्याची रीत जुनी. त्यामुळे फोर्ड एफ-१५०, रॅम अशा तिकडच्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचे तपमान चालकाला समोरच पाहता येते. आमच्या गाडीत तशी सोय नाही. आत सेन्सर आहे, गाडीच्या संगणकाला आकडा कळतो, पण मालकाला कळतो तो फक्त शेवटी पेटणारा दिवा!

यावरून आमच्या घरी वाद झाला. थोरल्या भावाचे म्हणणे, “कंपनीने काटा दिला नाही, म्हणजे गरज नाही. दिवा लागला की थांबायचे.” मला ते पटले नाही. दिवा हा शेवटचा शब्द असतो. रात्रीच्या वेळी, जंगलातल्या घाटात, गाडीत म्हातारी आई आणि मुले असताना मला शेवटचा शब्द ऐकायचा नव्हता. शिवाय असा गिअरबॉक्स बिघडला, तर खर्च लाखाच्या घरात जातो. दोन-चार खेपांचे नारळ विकून तो भरून निघत नाही.

म्हणून स्टीअरिंगखालच्या सोळा पिनांच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावायचा छोटा अॅडॅप्टर घेतला. तो ब्लूटूथने मोबाइलला आकडे पाठवतो. एक अडचण मात्र आहे. इंजिनाच्या पाण्याचे तपमान बहुतेक सगळ्या गाड्यांत एकाच ठरलेल्या संकेताने मिळते. गिअरबॉक्सच्या तेलासाठी बहुधा प्रत्येक कंपनीचा संकेत निराळा. म्हणून आपल्या मॉडेलला चालणारे अॅप शोधावे लागते. आकडा खरा की खोटा, याची परीक्षा सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी पहिल्यांदा पाहावे. तेलाचा आकडा हवेच्या तपमानाजवळ हवा. पहाटेच्या गारठ्यात तो साठ दाखवत असेल, तर ते अॅप बिनकामाचे.

चालकाने मात्र मोबाइलकडे बघायचे नाही, हा आमच्या घरचा नियम. आकडा वाचायचे काम शेजारी बसणाऱ्या लेकीचे. तिचे आजोळ गोकाकचे, शाळा कन्नड, त्यामुळे आकडे तिच्या तोंडी कन्नडच. गेल्या खेपेला सपाटीवर आकडा ८५ ते ९० च्या दरम्यान होता. केरी सोडून चढ लागला आणि एका भरलेल्या ट्रकच्या मागे आम्ही अडकलो. “अप्पा, तोंबत्तेंटु!” थोड्या वेळाने, “नूरा ऐदु!” आणि मग जरा घाबऱ्या आवाजात, “नूरा हन्नेरडु!” पाण्याचा काटा तेव्हाही मध्यावरच होता. थोरला भाऊ मागच्या सीटवरून वाकून कधी मोबाइल, कधी काटा पाहत होता.

रुंद जागा पाहून गाडी बाजूला घेतली. इथे लक्षात ठेवण्याची गोष्ट म्हणजे इंजिन बंद करायचे नाही. तेल कूलरकडे ढकलणारा पंप इंजिनावरच फिरतो. इंजिन बंद केले तर गरम तेल जागच्या जागी राहते. गिअर ‘पी’वर, हँडब्रेक ओढलेला, एसी बंद आणि इंजिन चालू. दहा मिनिटांत आकडा ९६ वर आला. तोवर ट्रकही पुढे निघून गेला होता. पुढचा चढ गिअर हाताने खालचा धरून, इंजिन थोडे जास्त फिरवत चढलो. आकडा शंभराच्या आसपासच राहिला.

किती ताप म्हणजे जास्त? साधारण ८० ते १०० अंश सेल्सिअस हा निरोगी पट्टा. घाटात थोडा वेळ ११० झाले, तर घाबरू नये. १२० च्या पुढे रेंगाळू देऊ नये, कारण तेल लवकर जळते, रबरी सीलही कडक होऊ लागतात. ढोबळ नियम असा, की तपमान दहा अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य जवळपास निम्मे होते. प्रत्येक गाडीची प्रकृती वेगळी, म्हणून आपल्या गाडीचा रोजचा आकडा आधी ओळखून ठेवावा. घाट आणि ओझे नेहमीचे असेल, तर पुस्तिकेतले खडतर वापराचे वेळापत्रक पाहून तेल लवकर बदलावे, आणि तेही कंपनीने सांगितलेलेच. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल, तर अॅडॅप्टर काढून ठेवावा, नाहीतर बॅटरी उतरते.

थोरल्या भावाने वाद सोडला, असे नाही. पण परवा तो एकटा गाडी घेऊन निघाला, तेव्हा पुतणीला हाक मारून म्हणाला, “चल गं, आकडे कोण सांगणार?”